उजवा कौल

"नवीन औषध कोणाला मिळणार आणि कोणाला नाही, हे डॉक्टर ठरवत नाहीत, मीही ठरवत नाही. ते कॉम्प्युटर ठरवतो," ती मुलगी म्हणाली आणि आमच्या ह्यांचा कितीतरी दिवस उतरलेला चेहरा एकदम खुलला.

"म्हणजे कौलच की!" हे म्हणाले.

मला धस्स झालं. ह्यांना इतकी वर्षं ओळखत होते मी. एकदा ह्यांच्या तोंडून कौल हा शब्द निघाला की पुढे माझं काही चालत नाही.

आमच्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नाही. मी बाकी सगळ्या पद्धती मोडल्या, ही तेवढी राहून गेली. आता मोडायला माणूसच उरलेला नाही, म्हणून इथेही 'हे'च म्हणते. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात हे सुपरवायझर होते. आमच्या भाईंदरच्या, जेसल पार्कमधल्या घरात पोचा नसलेलं भांडं तुम्हाला सापडणार नाही, कारण माल तपासताना बाजूला काढलेलं सगळं आमच्याकडे यायचं. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते आणि तेवढ्या भांडवलावर मला वैद्यकीतलं सगळं कळतं असा माझा समज आहे. मूलबाळ नाही. त्यामुळे भांडायलाही आम्ही दोघंच आणि समजूत काढायलाही दोघंच.

त्या मुलीला कौल म्हणजे काय ते माहीत नव्हतं. हॉस्पिटलात ती संशोधनाचं काम बघायची, पेशंटना समजावून सांगायची. ह्यांनी तिलाच समजावायला घेतलं. ह्यांचं गाव राजापूरकडचं. तिथे कोणताही मोठा प्रश्न पडला की देवळात जायचं. गुरव देवीच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो, काही उजवीकडे, काही डावीकडे. मग देवीला गाऱ्हाणं घालायचं, प्रश्न विचारायचा आणि गप्प बघत बसायचं. उजवीकडची पाकळी आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. विहीर कुठे खणायची, मुलगी कुठे द्यायची, मुंबईला जायचं की नाही, सगळं असंच ठरतं. मी गिरगावातली. लग्नानंतर पहिल्यांदा ते बघायला बसले तेव्हा डोक्यावर पंखा गरगरत होता. मी विचारलं, पाकळ्या वाऱ्याने पडतील, पंखा बंद करायचा का? सासरच्या माणसांनी माझ्याकडे जे बघितलं ते अजून विसरलेले नाही.

मुलगी हसून म्हणाली, "काका, तसंच समजा. फक्त इथे देव नाही, नुसती सोडत आहे." ह्यांनी पहिलं वाक्य ऐकलं आणि दुसरं सोडून दिलं.

आजार आधी ताटात दिसला. सुरमईचा तुकडा अर्धा टाकून उठणारा माणूस हा नव्हेच. मी म्हटलं, काय झालं? म्हणाले, पोट भरलं. मग रोजच दोन घासांत पोट भरायला लागलं. ॲसिडिटी म्हणून सोलकढी झाली, जिऱ्याचं पाणी झालं, दुकानातल्या पुड्या झाल्या. पँट पट्ट्यात गोळा व्हायला लागली तेव्हा मी ओढत डॉक्टरकडे नेलं. दुर्बिणीने तपासलं, पोटातला तुकडा काढून पाठवला. जठराचा कॅन्सर निघाला आणि तो यकृतापर्यंत पोचलेला होता. आता ऑपरेशनने उपयोग नाही, औषधाने मागे रेटू, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. रेटू म्हणाले, काढू म्हणाले नाहीत. तो फरक मला बरोबर कळला आणि ह्यांनाही कळला असणार. आम्ही एकमेकांना तसं दाखवलं नाही.

मग त्यांनी हॉस्पिटलात चाललेल्या नवीन औषधाच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. नेहमीचं औषध सगळ्यांना सलाईनमधून मिळणार. निम्म्या लोकांना त्याच्यासोबत एक नवीन औषध. ते शरीराच्या स्वतःच्या ताकदीला जागं करतं, रोग ओळखायला लावतं. चालेल की नाही हे अजून कोणालाच ठाऊक नाही, म्हणून तर दोन गट करून बघायचं. त्रासही होऊ शकतो. कधीही बाहेर पडता येतं, त्यासाठी कारण द्यावं लागत नाही. त्या मुलीने सगळं नीट, न घाबरवता सांगितलं. माझ्या कानात मात्र 'नवीन' एवढा एकच शब्द वाजत राहिला. नवीन म्हणजे चांगलं, आणि ते ह्यांना मिळायलाच हवं, एवढंच मला कळत होतं.

ह्यांनी विचार करायला दोन दिवस मागून घेतले. विचार कसला, गावी धाकट्या दिरांना फोन लावला. भावजी देवळात गेले आणि त्यांनी फोन गाभाऱ्याकडे धरला. आमच्या टेबलावर फोन स्पीकरवर होता, हे समोर मांडी घालून, हात जोडून बसलेले. गुरवाचा आवाज आला.

"आई, तुजं लेकरू भाईंदरात हाय. आजारी हाय. डाक्टर म्हनतात नवा परयोग हाय, तेच्यात बस. लेकरू इच्यारतंय, बसू का नको? बसायचं आसंल तर उजवा दे, नसंल तर डावा दे."

मागून चारपाच माणसांनी हुंकार भरला. मग नुसती शांतता. कुठेतरी कावळा ओरडत होता. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हातात पोळीचं पीठ. मला ह्यातलं काही पटत नाही, तरी मीही श्वास धरूनच उभी होते हे सांगायला लाज कसली.

"दादा, उजवा!" भावजी ओरडले. "खटकन पडला!"

ह्यांनी सही केली. पुढे रक्त, स्कॅन, त्या काढलेल्या तुकड्याच्या आणखी तपासण्या असं बरंच झालं. मग एका दुपारी आम्हाला हॉस्पिटलात बोलावलं. मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही नेहमीच्या उपचाराच्या गटात आला आहात."

नाही मिळालं. इतक्या लोकांमधून हेच नको होते का त्या कॉम्प्युटरला? मी ह्यांच्याकडे बघितलं, तर हे हसत होते. मला वाटलं, धक्क्याने हसतायत.

"बघ," हे मला म्हणाले, "आईने बस सांगितलं आणि बसल्यावर निकालही दिला. नव्याची गरजच नाही आपल्याला. नेहमीच्या औषधाने भागणारे."

मुलगी घाबरली. "काका, तसं नाही हं. तुमच्या तब्येतीशी ह्याचा काही संबंध नाही. नाणं उडवल्यासारखं आहे हे." तिने पुन्हा एकदा सांगितलं, डॉक्टरांनीही सांगितलं. जे दुकान आपल्याला परवडणार नाही तिथला माल बघताना आपण मान डोलावतो, तशी ह्यांनी दोघांपुढे मान डोलावली. बाहेर पडल्यावर रिक्षा थांबवून पेढे घेतले. अख्ख्या मजल्यावर वाटले. समोरच्या दारातल्या गुजराती बेनने विचारलं, "रिपोर्ट अच्छा आया, भाई?"

"नया दवाई का जरूरत ही नहीं पडा," हे म्हणाले.

मी आत जाऊन भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती, तरी घासली.

मी काही गप्प बसणारी नव्हे. आमच्या डेंटिस्ट मॅडमना विचारलं, त्यांनी त्यांच्या ओळखीत विचारलं. शहरातल्या दुसऱ्या एका हॉस्पिटलात अशाच पेशंटसाठी वेगळ्या औषधाचा अभ्यास चालू होता. औषध सुरू व्हायच्या आत इथून बाहेर पडलं तर तिथे तपासून घेता आलं असतं. आमच्या डॉक्टरांना सांगितलं तर ते रागावले वगैरे नाहीत. म्हणाले, "तुमचा हक्क आहे. पण वेळ जाईल, आणि तिथेही सोडतच आहे." मी म्हटलं, असू दे, आणखी एक सोडत तरी मिळेल.

अपॉइंटमेंटच्या सकाळी मी फाईल लावली, डबा भरला, साडी नेसून तयार झाले. ह्यांनी आंघोळ केली, शर्ट घातला, भांग पाडला आणि सोफ्यावर बसले. बूट घालेचनात.

"उठा ना. उशीर होतोय."

"तिकडे जाऊन काय विचारायचं? तेच ना?"

"हो, तेच. तुमच्या गावात देवीला तीनतीनदा विचारतात. मनासारखं येईपर्यंत पाकळ्या लावत बसतात. मी बघितलंय डोळ्यांनी."

"ते बांधाच्या भांडणाला, मानपानाला. जिवाच्या गोष्टीला एकदाच विचारायचं. बाबा सांगायचे."

"तुमचे बाबा काय डॉक्टर होते?"

"नव्हते," हे म्हणाले. एरवी वडिलांवरून बोललं की आवाज चढायचा, त्या दिवशी चढला नाही. "अगं, तुला वाटतंय तू मला औषधाकडे नेतेयस. तिथे गेल्यावर माझी परत सगळी भीती सुरू होणार. आता नाही वाटत भीती. खरंच नाही वाटत. राहू दे ना."

मी खूप बोलले. मूर्ख म्हणाले, गावंढळ म्हणाले, मला विधवा करायला निघालात असंही म्हणाले. हे ऐकून घेत राहिले आणि शेवटी म्हणाले, "डब्यात काय आहे?" डब्यात तांदळाची खीर होती, ह्यांना जमेल तेवढी मऊ. आम्ही दोघांनी घरातच बसून ती खाल्ली. बाहेरच्या प्रवासासाठी भरलेला डबा घरात बसून खाणं फार वाईट असतं.

औषध सुरू झालं. डे-केअर वॉर्डात खुर्च्यांची रांग होती, प्रत्येकाच्या डोक्याशी बाटल्या लटकलेल्या. ह्यांच्या शेजारी वसईकडचे एक गृहस्थ यायचे. तेही त्याच अभ्यासातले, पण त्यांना एक छोटी बाटली जास्तीची लागायची. नवीन औषध ते. मी असं ऐकून होते की माणूस दुसऱ्याच्या दागिन्यांवर जळतो, बंगल्यावर जळतो. मी दोन हात अंतरावर टांगलेल्या एका बाटलीवर जळायचे. ती थेंबथेंब त्यांच्या हातात उतरताना बघत बसायचे आणि मनात येऊ नयेत असे विचार मनात यायचे. हे मात्र त्या गृहस्थांशी सुक्या बोंबलांवर गप्पा मारायचे. ते गृहस्थ सारखे काळजीत, सिस्टरला विचारायचे, बरोबर चाललंय ना? आणि आमचे हे सलाईन लागलं की घोरायला लागायचे. सिस्टर म्हणायची, अख्ख्या वॉर्डात काकाच निवांत. एकदा ह्यांनी त्या गृहस्थांसाठी स्टीलचा डबा नेला. बिनपोच्याचा, विकत घेतलेला. आमच्या घरात कधी आला नाही असला डबा.

पहिल्या स्कॅनमध्ये गाठी लहान झालेल्या दिसल्या. त्या आठवड्यात ह्यांनी सुरमईचा एक अख्खा तुकडा खाल्ला आणि माझ्याकडे असं बघितलं, की मला त्या देवीची माफी मागावीशी वाटली. मनातल्या मनात मागितलीही. हे एका शब्दाने 'बघ, सांगितलं होतं ना' म्हणाले नाहीत. तो त्यांचा चांगुलपणा.

मग पुढचा स्कॅन आला. गाठी परत वाढल्या होत्या, पोटात पाणी धरायला लागलं होतं. डॉक्टरांनी औषध बदललं. अभ्यासातला उपचार ह्यांच्यापुरता संपला, तरी ती मुलगी फोन करून चौकशी करायची. काकांचं कसं चाललंय, जेवतायत का, चालतायत का. तिला ते लिहून घ्यावं लागायचं, पण ती नुसतं लिहून घेण्यासाठी विचारत नसे, हे आवाजावरून कळायचं.

हळूहळू हे बाल्कनीतल्या आरामखुर्चीतून उठेनासे झाले. तिथून खाडीची एक पट्टी दिसते. भरती आली की पाणी चमकतं, ओहोटीला चिखलाचा वास येतो. त्या वासाने मला मळमळायचं, ह्यांना गावची आठवण यायची. एका संध्याकाळी मी ह्यांचे पाय चेपत होते. पाय सुजले होते, बोट दाबलं की खड्डा राहायचा. हे खाडीकडे बघत म्हणाले, "कौल चुकला का गं?"

इतकी वर्षं मी ह्याच वाक्याची वाट बघत होते असं म्हटलं तरी चालेल. पंखा, ओल्या पाकळ्या, गुरवाची फुंकर, सगळं माझ्याकडे तयार होतं. आणि ते ऐकल्यावर मला एवढं रडू फुटलं की मान खाली घालून पाय चेपत राहावं लागलं. ह्या माणसाजवळ एवढी एकच गोष्ट उरली होती. ती माझ्या हाताने काढून घेऊ का?

"नाही चुकला," मी म्हटलं. "तुम्ही काय विचारलं होतंत? संशोधनात बसू का, असं विचारलंत. आई म्हणाली, बस. मी बरा होईन का, हे कुठे विचारलंत तुम्ही?"

ह्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोप लागली. मग म्हणाले, "खरं आहे. ते विचारायचं धाडसच झालं नाही मला." आणि थोडं हसले. चोरी पकडली गेल्यासारखं.

गणपतीच्या आधी हे गेले. सकाळी, चहा गाळत होते मी तेव्हा. त्याबद्दल ह्याहून जास्त मला लिहिता येत नाही.

पुढे बराच काळ गेला आणि त्या मुलीचा फोन आला. आवाज तसाच मऊ. अभ्यासाचे निकाल आले होते. ज्यांना नवीन औषध मिळालं ते एकंदरीत जास्त दिवस जगले. आता ते औषध पेशंटना द्यायला सुरुवात होतेय. "तुम्हाला कळवावंसं वाटलं, काकू."

मी विचारलं, "ह्यांना मिळालं असतं तर?"

"एका माणसाचं सांगता येत नाही," ती म्हणाली. "कदाचित जास्त जगले असते, कदाचित नसतेही. सगळ्यांवर चालत नाही ते." मग म्हणाली, "पण काकू, काका दुसऱ्या गटात होते म्हणून फरक कळला. सगळ्यांनाच दिलं असतं, तर ते खरंच चालतं का हे आज कोणालाच माहीत नसतं."

"मला ते कळून काय करायचंय?" मी म्हटलं आणि फोन ठेवला. त्या बिचारीचा काय दोष? पण कोणावर तरी राग काढायलाच हवा होता. लोक म्हणतात, अभिमान वाटला पाहिजे तुम्हाला, त्यांच्यामुळे कितीजण जगतील. मला अभिमान वगैरे काही वाटला नाही. मला ती छोटी बाटली आठवली, दोन हातांवरची. मी नुसता हात लांब केला असता तरी लागली असती.

हे सगळं आता लिहायचं कारण समोरची बेन. गेल्या महिन्यात तिला गिळताना त्रास व्हायला लागला. तपासलं तर जठराच्या तोंडाशीच गाठ निघाली. रिपोर्ट घेऊन ती माझ्याकडे आली, कारण मी दातांच्या दवाखान्यात बसते आणि माझ्या घरात हे होऊन गेलेलं आहे. तिच्या कागदावर औषधांची नावं होती. नेहमीचं होतं आणि त्याच्या खाली ते नवीन होतं. सोडत नाही, गट नाहीत, सरळ लिहून दिलेलं. मी ते नाव कितीदा तरी वाचलं.

"ये दवाई भाई के टाइम पे नहीं थी क्या?" तिने विचारलं.

"थी," मी म्हटलं. "बाजूवाली खुर्ची पे थी."

तिला ते कळलं नाही आणि मी समजावून सांगितलं नाही. ले लो, अच्छी दवाई है, एवढं म्हटलं. ती जायला निघाली, दारापर्यंत गेली आणि वळली. तिचे कणकेचे हात तसेच होते, पदराला पुसायचंही तिला भान नव्हतं.

"सच बोलो बेन, मैं ठीक हो जाऊँगी ना?"

बघा, किती सरळ विचारलं तिने. देऊळ नाही, गुरव नाही, समोरच्या दारातल्या बाईला विचारून मोकळी झाली. मला काय कळतंय? मला काहीही कळत नाही, हे आता मला चांगलं ठाऊक आहे.

"हो जाओगी," मी म्हटलं. "एकदम ठीक हो जाओगी."

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी एकदाच पूर्वी ह्यांच्या चेहऱ्यावर बघितलं होतं, ती मुलगी कॉम्प्युटरबद्दल सांगत होती तेव्हा. ती गेली. मी दार लावलं, बाल्कनीत आले. आरामखुर्ची अजून तिथेच आहे, कोणाला द्यायचा धीर होत नाही.

"अहो," मी त्या खुर्चीला म्हटलं, "देवीला विचारायचं धाडस झालं नाही, तर मला विचारायचं होतंत. मी उजवा दिला असता."